सील कोण बदलणार?

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना ऑईल सील का असतात?

उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. "गळती थांबवण्यासाठी." व्हायवाला एवढं चालून जातं. एक्स्टर्नल मान हलवतात आणि पुढच्या रोल नंबरला बोलावतात. पण गळती कशाची, आतून बाहेर की बाहेरून आत, आणि सील गेलं तर माणसाला ते कसं कळणार, हे कुणी विचारत नाही. आपणही सांगत नाही. माझं म्हणणं असं आहे की इंजिनिअरिंगचं खरं शिक्षण या पुढच्या तीन प्रश्नांत आहे, आणि तेच आपल्या सिलॅबसमधून गळतंय!

आधी सील म्हणजे काय ते सांगतो, कारण कॉम्प्युटर आणि सिव्हिलवाले पण हे पान वाचतात. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, हीसुद्धा पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की पेटीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सिलेंडरमध्ये जातं. हा पंप चालायचा तर पेटी हवाबंद हवी. पण शाफ्टची दोन टोकं तर बाहेर काढावीच लागतात, एक मॅग्नेटकडे आणि एक क्लचकडे. त्या दोन भोकांवर रबरी ओठ असलेली दोन सील बसतात. जुन्या स्कूटरमध्ये हीच जोडी होती, लुनात होती, आणि आज झाडं कापायच्या पेट्रोल मशीनमध्ये, म्हणजे चेन-सॉमध्ये, तीच आहे.

उष्णता, धूळ आणि वय यांनी रबराचा ओठ कडक होतो. मग प्रत्येक फेऱ्यात इंजिन सीलच्या फटीतून हवा ओढतं. कार्बोरेटरला ते माहीतच नसतं, तो आपला ठरलेलं पेट्रोल देत राहतो. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन तापतं, आपोआप पळायला लागतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. शेवटी पिस्टनवर ओरखडे पडतात आणि एक दिवस इंजिन धरतं. तेव्हा सगळे म्हणतात पिस्टन गेला. खरं तर आधी सील गेलेलं असतं!

आता पवनारची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात आपल्या एनएसएसचं शिबिर तिथे होतं. नाल्याकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर एक वाळलेली बाभूळ आडवी पडली होती, ती कापायला गावातले एक भाऊ आपली चेन-सॉ घेऊन आले. मशीन त्यांनी हप्त्यावर घेतलेली. लोकांच्या धुऱ्यावरची झाडं कापून देणं हाच त्यांचा उन्हाळ्याचा रोजगार. मशीन दहा मिनिटं छान चालली. मग ट्रिगर सोडला तरी आवाज खाली येईना, आणि आडवी धरली की आणखी पळायला लागली. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रिगर सोडल्यावरही चेन फिरतच होती!

"गरम झाली का हे ऐकतच नाई जी," भाऊ म्हणाले. "सोडलं तरी पयतच राह्यते."

कार्बोरेटर त्यांनी तीनदा खोलला होता. प्लग बदलला होता. एका दुकानात दाखवली तर तिथे सांगितलं की इंजिनच बदला, नाहीतर नवीन घ्या. इंजिनचा जो खर्च सांगितला तो मशीनच्या निम्म्या किमतीएवढा. त्या दुकानदाराने मशीन खोलूनही पाहिली नव्हती. गावातच एक काका आहेत, पूर्वी स्कूटर दुरुस्त करायचे. त्यांनी मशीन चालू केली, डावीकडे-उजवीकडे कलती करून आवाज ऐकला आणि बंद केली. म्हणाले, "हवा घेऊन राह्यलं हे. सील गेले असन."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. 'लीन मिक्श्चर ड्यू टू एअर लीकेज' हे वाक्य मला झोपेतही लिहिता येईल. पण "हवा घेऊन राह्यलं" या तीन शब्दांत कारण, दिशा आणि आजार तिन्ही आले. ते ज्ञान मराठीत होतं, आणि आपल्या पुस्तकाबाहेर होतं.

मशीन आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आणली. इन्स्ट्रक्टर सरांनी जी टेस्ट केली ती मला दोन वर्षांच्या प्रॅक्टिकल्सपेक्षा जास्त शिकवून गेली, म्हणून सविस्तर लिहितो. कंपनीचे मेकॅनिक यासाठी प्रेशर-व्हॅक्यूम पंप वापरतात. आपल्याकडे तो नाही. सरांनी बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि मीटर घेतला. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर काढून त्यांच्या तोंडांवर ट्यूबचे तुकडे ठेवून पट्ट्यांनी घट्ट आवळले. पिस्टन खाली आणला, म्हणजे सिलेंडर आणि पेटी एकमेकांना जोडली जातात. जुन्या प्लगचं आतलं चिनी मातीचं काढून त्यात नळी बसवली. मग फुगा दाबून ३०० मिलिमीटरपर्यंत दाब दिला, म्हणजे साधारण ०.४ बार. काटा हलला नाही! आम्हाला वाटलं, सील चांगली आहेत.

सर म्हणाले, थांबा. फुगा काढून त्यांनी ५० मिलीची सिरिंज लावली आणि दांडा मागे ओढून धरला. अर्धा मिनिट थांबून सोडला. आत व्हॅक्यूम टिकला असता तर दांडा स्वतःहून पुढे धावला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे हवा आत आली होती.

दाबाला टिकतं ते व्हॅक्यूमला का टिकत नाही? कारण सीलचा ओठ आतल्या बाजूला असतो. आतून दाब आला की तो शाफ्टवर आणखी घट्ट बसतो. आत व्हॅक्यूम झाला की बाहेरची हवा तोच ओठ उचलते. म्हणून फक्त दाबाची टेस्ट करणारा फसतो. पुन्हा सिरिंज ओढून सरांनी दोन्ही सीलच्या कडेला बाहेरून ऑईलचा थेंब सोडला. क्लचकडचा थेंब बघता बघता आत ओढला गेला. सापडलं!

पुढचं काम तासा-दीड तासाचं. प्लगच्या भोकातून सिलेंडरमध्ये दोरीचा पीळ सोडून पिस्टन अडवला (लोखंडी काही घालायचं नाही, पिस्टन फुटतो). क्लच उलट्या आट्यांचा, तो उलटा फिरवून काढला. मॅग्नेटचा चक्का पुलरने काढला. जुनी सील शाफ्टला ओरखडा न पडू देता आकड्याने उचलली. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते दाखवून वर्ध्याला बेअरिंगच्या दुकानातून नवीन जोडी आणली. एकच गेलं असलं तरी दोन्ही बदलायची, कारण दोघांचं वय सारखंच. शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळून, ओठाला ऑईल लावून, ओठ आतल्या बाजूला ठेवून, मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकून बसवली. पुन्हा सिरिंज ओढली. या वेळी दांडा सटकन परत गेला. दोन सील आणि एक गास्केट, मिळून तीनशेच्या आत!

आता काही जण म्हणतील, हे तर मिस्त्रीचं काम. आम्ही डिझाइन करणार, दुरुस्ती करायला आयटीआयवाले आहेत. या म्हणण्याला उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने गांधीजींच्या पुढाकाराने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळी एक लाख! त्याच्या अटी आपल्या मशीन डिझाइनच्या वर्गात फळ्यावर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालावं, किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं टिकावं, आणि बदलायच्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी. पण दुरुस्तीचा खर्च त्यांनी डिझाइनच्या अटीतच घातला होता! गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं आपण शाळेत शिकतो. त्यांनी शिवणयंत्राला मोकळ्या मनाने अपवाद केला होता, हे मात्र शिकत नाही. यंत्र माणसाच्या हातात राहतं की माणूस यंत्राच्या, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ग्रामोद्योगाची साधनं लोकांनी बघावीत म्हणून १९३८ मध्ये वर्ध्याला मगन संग्रहालय उघडलं ते याच विचाराने. आपल्यापैकी किती जण तिथे गेलेत, हे मी विचारत नाही.

पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. विनोबा १९३८ मध्ये तिथे आले. १९५० च्या सुमारास त्यांनी तिथे कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून, स्वतःच्या श्रमावर जगून बघायचं. तेवढं जमणं आपल्याला शक्य नाही, मेसचं बिल पैशातच भरावं लागतं! पण त्यातला एक भाग आजही खरा आहे. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही, ती पूर्णपणे आपली नसते. हप्ता भाऊंनी भरायचा, आणि मशीन जिवंत की मेली हे दुकानदाराने न बघता ठरवायचं, मग मालक कोण?

आणखी एक आक्षेप मला हॉस्टेलवरच ऐकायला मिळाला. विनोबांच्या गावात झाड कापायच्या मशीनचं कौतुक कशाला? २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडं तोडण्यावरून केवढा वाद झाला! आक्षेप बरोबर आहे. पण झाड तोडायचं की नाही हे माणसांनी ठरवायचं असतं, ते सील ठरवत नाही. सील खराब असलं तर झाड वाचत नाही, चालवणाऱ्याचा पाय जातो. ट्रिगर सोडल्यावरही फिरणारी चेन घेऊन एक माणूस ओल्या ओंडक्यावर उभा असतो. धोका तिथे आहे.

हा प्रश्न पुढे वाढणारच आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात. चेन-सॉला तर किलोमीटरही मोजता येत नाहीत. दुसरीकडे, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. त्यात शेतीची उपकरणंही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. चांगलंच झालं. पण हक्क कागदावर मिळाला तरी सील बदलणारा हात लागतोच. तो हात कुठे तयार होणार? जुने स्कूटरचे मिस्त्री म्हातारे झाले. त्यांची मुलं पुण्याला गेली. आपणही तिकडेच निघालोय.

म्हणून नुसती तक्रार न करता तीन गोष्टी सुचवतो. एक, वर्कशॉप महिन्यातून एका शनिवारी गावासाठी उघडं ठेवावं. आसपासच्या गावांतून फवारणीचे पंप, चेन-सॉ, पाण्याची छोटी इंजिनं येतील. सुटे भाग ज्याचे त्याने आणावेत, हात आपले. दोन, टर्मवर्कमध्ये एक तरी प्रयोग असा असावा जिथे मशीन खरोखर बिघडलेली आहे आणि उत्तर जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं नाही. सीनियरचं जर्नल उतरवून तो होणार नाही, हाच त्याचा फायदा! तीन, प्रत्येक दुरुस्तीची एक पानाची नोंद साध्या मराठीत लिहून ठेवावी. लक्षण काय, टेस्ट कोणती, सीलचं माप काय, खर्च किती. स्कूटरवाल्या काकांच्या कानात जे आहे ते त्यांच्यासोबत जाऊ नये.

स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, याला मार्क द्या. मार्क दिल्याशिवाय आम्ही काही करत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि हॉस्टेलच्या मित्रांनो, प्लेसमेंटच्या रेझ्युमेत 'हँड्स-ऑन' हा शब्द आपण सगळेच टाकतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने कधी विचारलंच, की तुम्ही शेवटचं काय उघडलं होतं, तर लॅपटॉपशिवाय दुसरं काहीतरी सांगता यायला हवं.