फाँट नुसता टाकू नका, त्याची पाककृती लिहा

पिस्कॅटवेत रटगर्सच्या बुश कॅम्पसवर शिकत असा किंवा घरच्या जुन्या लॅपटॉपवर प्रयोग करत असा, निक्सओएस टाकलंत की पहिली तक्रार ठरलेली: "नेटवरून उतरवलेला प्रोग्रॅम चालतच नाही!" खरं आहे. इतर लिनक्समध्ये लायब्ररी ज्या ठरावीक जागी सापडतात, तिथे इथे त्या नसतात. सगळं 'निक्स स्टोअर'मध्ये, आणि प्रत्येक पॅकेजच्या नावाआधी 32 अक्षरांचा हॅश.

तो येतो सोर्स, कंपायलर, लायब्ररी आणि बांधणीच्या आज्ञा या साऱ्यांतून. यातलं काहीही बदललं की पत्ता बदलतो, जुनी आवृत्ती जागेवरच राहते. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्ट विद्यापीठातल्या 2006 च्या प्रबंधात मांडलेली ही कल्पना मला तरी फार शहाणपणाची वाटते.

म्हणून हवा तो मराठी फाँट होम फोल्डरमध्ये टाकून मोकळे होऊ नका. चालेल, पण नवा लॅपटॉप घेतलात की तो कुठून आणला होता ते आठवत बसाल. त्यापेक्षा दहा-पंधरा ओळींची पाककृती लिहा: फाइल कुठून उतरवायची, तिचा हॅश काय, ठेवायची कुठे. कॉन्फिगरेशनमधल्या फाँटच्या यादीत ती जोडा आणि रीबिल्ड करा. बिघडलंच तर बूट मेनूतून आधीची पिढी निवडा. (निक्सची भाषा विचित्र आहे, मान्य. एक शनिवार जाईल.)

लोहित फाँट निक्सपॅकेजेसमध्ये आहेत, कारण कोणीतरी बसून ती पाककृती लिहिली. तुमचीही तिथे पाठवा. परवान्याचा रकाना मात्र नीट भरा. जुन्या मराठी फाँटांचं घोडं बहुधा तिथेच पेंड खातं.