भिंतीवरची परीक्षा

चित्रकलेच्या पदवी परीक्षेत विद्यार्थ्याला आपल्या कामांचा संच सादर करावा लागतो, प्रदर्शन मांडावे लागते. हा नियम रास्तच आहे. रेषा पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवता येत नाही. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि अवघ्या पाच वर्षांत त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवले. प्रदर्शनाची भिंत गुणवत्तेची साक्ष देते, ती अशी.

परंतु ही भिंत पैशाची साक्ष देऊ लागली तर? कॅनव्हास, तैलरंग, चौकटी यांचा खर्च शेतकऱ्याच्या वा गिरणी कामगाराच्या घराला पेलणारा नसतो. उलट, छायाचित्रावरून गिरवलेले वा दुसऱ्याच्या हाताने सफाई केलेले काम झगमगत्या चौकटीत सहज खपून जाते. यात हानी होते ती प्रामाणिक साधनेची.

उपाय अवघड नाही. संचात पूर्ण चित्रांबरोबर कच्ची रेखाटने, फसलेले प्रयत्न आणि रेखाटनवही अनिवार्य करावी. परीक्षकांनी चित्रासमोर उभे राहून विद्यार्थ्याला प्रश्न विचारावेत. चौकटी आणि फलक संस्थेनेच सर्वांना सारखे पुरवावेत. २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या जे. जे.ने यात पुढाकार घ्यावा. चौकटीची किंमत नव्हे, हाताची तपश्चर्या मोजली जावी, एवढीच अपेक्षा.