कापूस आधी गेला, माणसं नंतर



परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यातून समुद्र कितीतरी लांब. तरीही मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली किंवा पनवेल इथे ज्याचं कुणीच नाही, असं घर आपल्याकडे शोधावं लागेल. धनत्रयोदशीच्या सुमाराला परळी आणि गंगाखेडच्या स्टेशनांवर गर्दी उतरू लागते, पहाटेच्या ट्रॅव्हल्समधून पिशव्या आणि लेकरं सांभाळत माणसं खाली येतात, आणि मग आपल्याकडे दिवाळी सुरू होते. या माणसांचं तिथलं जगणं कसं आहे, त्यांना काय छळतं आणि कशाची ओढ त्यांना परत तिकडे नेते, हे समजून घेण्यासाठी यंदाचा अंक आम्ही मुंबईला वाहिला आहे.

दिवाळी अंक हीसुद्धा मुंबईचीच देणगी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक तिथूनच काढला. मुंबईवर मराठीत लिहिण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झालं. पुढे अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल, भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ, जयंत पवार यांनी गिरणगाव, झोपडपट्टी, फुटपाथ मराठी वाचकाच्या घरात आणले. या मोठ्या दालनात मराठवाड्यातून गेलेल्या माणसाला मात्र अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असं आम्हाला वाटतं.

याचं एक कारण इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कोर्टकचेरी, वरचं शिक्षण, सरकारी नोकरी या सगळ्यांची वाट हैदराबादला जायची. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा मुंबई आपली राजधानी झाली. आपला कापूस मात्र त्याच्या कितीतरी आधी तिथे पोचला होता. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते हैदराबाद मीटरगेज रेल्वे धावू लागली. जिनिंगमध्ये बांधलेल्या गाठी मनमाडला मोठ्या रुळावरच्या गाडीत चढू लागल्या आणि मुंबईच्या बाजाराला जाऊ लागल्या.

माणसं निघायला पुढे सत्तर वर्षं लागली. गिरण्यांमध्ये मुख्यतः कोकणातला आणि घाटावरचा कामगार होता. आपल्याकडून मोठी लाट निघाली ती १९७२ च्या दुष्काळात. परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं तेही त्याच साली, आणि त्याच साली हजारो कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन मजूर खडी फोडायच्या कामावर किंवा रेल्वेच्या डब्यात होते. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीत परतू शकले नाहीत. म्हणजे आपला माणूस मुंबईत पाय रोवू पाहत होता, नेमकं तेव्हाच कायम नोकरीचं, फंडाचं, बोनसचं दार बंद होत होतं. त्याच्या वाट्याला नाका आला. सकाळी थापी नाहीतर फावडं घेऊन उभं राहायचं, ठेकेदार आला की मजुरी ठरवायची, नाही ठरली तर तो दिवस गेला. आजही आपल्या कितीतरी घरांची चूल या नाक्यावरच्या मजुरीवर पेटते.

मुंबईत छळणाऱ्या गोष्टींची सुरुवात खोलीपासून होते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, आणि त्यातली साधारण चाळीस टक्के माणसं झोपडपट्टीत राहत होती. गावाकडे चार खणांचं घर आणि अंगण असलेला माणूस तिथे दहा बाय बाराच्या खोलीसाठी डिपॉझिट गोळा करतो, अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवतो, मुलांच्या शाळा बदलतो. स्वस्त खोली मिळते ती दूर, आणि काम मात्र शहराच्या पोटात. या अंतराची किंमत लोकलमध्ये चुकवावी लागते. लोकलच्या मार्गांवर पडून, रूळ ओलांडताना, खांबाला आपटून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. हे सगळं रोजचं झालं आहे, आणि रोजचं झालं म्हणून ते सोसण्यासारखं होत नाही.

पावसाळ्याची गत निराळी. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की या वाहिन्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात. अशा वेळी जोराची सर आली की शहरातलं पाणी शहरातच कोंडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या परभणीत अख्ख्या वर्षात साधारण तेवढा पडतो. आणि एवढ्या पाण्याने वेढलेल्या शहराची तहान भागते ती तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या धरणांवर. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जातं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. टँकरची वाट पाहणं म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

एवढं सोसूनही माणूस मुंबईला परततो, कारण त्या शहरात काही गोष्टी फार मोलाच्या आहेत. तिथे रात्री अकराला एकटी मुलगी लोकलने घरी जाते आणि वस्तीत त्याची चर्चा होत नाही. चर्चगेट ते बोरिवली महिलांसाठी स्वतंत्र लोकल १९९२ सालीच सुरू झाली. कामावर आणि चहाच्या टपरीवर तुमच्या हाताचं कसब पाहिलं जातं. खोली भाड्याने देताना आडनाव विचारणारे तिथेही आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. तरी गावात पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून लांब ठेवलेल्या माणसाला पहिल्यांदा मोकळा श्वास याच गर्दीत मिळाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या भागातून भरभरून जातात, त्यामागे ही कृतज्ञताही आहे.

आणखी एक वाट आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे, ती परळच्या टाटा हॉस्पिटलची. १९४१ साली सुरू झालेल्या या हॉस्पिटलात आपल्या तालुक्यांतले रुग्ण कागदांची पिशवी छातीशी धरून जातात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत निवारा मिळतो. अनोळखी माणसाला लोकलमध्ये सरकून चौथी सीट देणारं, २६ जुलैच्या रात्री वाटेवर अडकलेल्यांना चहा-बिस्किटं देणारं, घरात घेणारं शहरही तेच. आणि दिवसभर राबलेल्या माणसाला मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला तिकीट लागत नाही.

हे सगळं एकत्र ठेवून पाहिल्यावर आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. मुंबईत जे छळतं, त्यातलं बरंचसं आपल्या शिवारात तयार होतं. इथे कापूस आणि सोयाबीनला भाव मिळाला, हंगाम संपल्यावरही हाताला काम राहिलं, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आणि औषधं वेळेवर मिळाली, तर त्या शहरावर लोटणारी नाइलाजाची गर्दी कमी होईल. आणि मुंबईत जे सुंदर आहे, त्यातला समुद्र सोडला तर बाकी सगळं माणसांनी एकमेकांशी वागण्यातून उभं केलेलं आहे. ते इथेही उभं करता येतं. मुलगी उशिरा घरी आली तर तिला जाब न विचारणं, कामावर आडनावाऐवजी कसब पाहणं, परगावच्या रुग्णाच्या नातेवाइकाला रात्री पथारी टाकायला जागा देणं, गावात उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका चालवणं, यासाठी बंदर लागत नाही. संध्याकाळी शिकून परतणाऱ्या मुलींसाठी गावोगाव शेवटची एसटी वेळेवर धावावी, एवढी मागणी तर आपण सगळे मिळून नक्कीच लावून धरू शकतो.

मुंबईत राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. तिकडे मिळालेला मोकळेपणा सुट्टीत गावी आल्यावर पेटीत ठेवू नका. तुम्ही पाठवलेल्या पैशांनी घरावर स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं, विहीर खोल झाली, हे गाव जाणतं. आता तुमचे अनुभवही गावाला हवे आहेत. इथल्या शाळांमध्ये जा, मुलामुलींशी बोला. तिथलं कष्टाचं खरं चित्र सांगा, म्हणजे पुढचं पोर घरातून निघेल ते डोळे उघडे ठेवून, हातात एखादं कौशल्य घेऊन निघेल.

याच हेतूने या अंकात नाक्यावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, नर्स, रिक्षाचालक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी यांचे अनुभव आम्ही त्यांच्याच बोलीत छापले आहेत. त्यांतल्या अनेकांनी पहिल्यांदाच लेखणी हातात धरली आहे. कथा आणि कविताही आहेत. अंक वाचून झाला की तो मुंबईला परतणाऱ्याच्या हाती द्या, आणि काय पटलं, काय नाही, ते आम्हाला जरूर कळवा.

इथल्या आणि तिथल्या सर्व सोनपेठकरांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

– संपादक