पडद्यावरचे भूत

माझे बालपण इंदापूर तालुक्यातील एका लहानशा खेड्यात गेले. गावच्या जत्रेत दर वर्षी तंबूतला सिनेमा येत असे. एका वर्षी तेथे भुताचा चित्रपट पाहिला आणि मी असा घाबरलो, की अंधार पडल्यावर परसात जाण्याचेही धाडस मला होईना. दोन-तीन दिवस आक्काने हे मुकाट्याने पाहिले. मग एका संध्याकाळी तिने पुठ्ठ्याचे एक वेडेवाकडे चित्र कातरले आणि ते कंदिलासमोर धरले. चित्र कंदिलाच्या जवळ जाऊ लागले, तशी भिंतीवरची सावली वाढत वाढत आढ्याला भिडली. “हे बघ तुझे भूत!” आक्का हसून म्हणाली. त्या रात्री मी निर्धास्त झोपलो.

पडद्यावरचे भूत हे असे माणसाच्या हातांनी घडविलेले असते. आपल्याकडे या विद्येचा पाया दादासाहेब फाळके यांनी घातला. ते स्वतः जादूगार होते. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची त्यांनी दिवसामागून दिवस छायाचित्रे घेतली. ती सलग दाखविताच महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणांत घडली! १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाशी झुंजली. त्या काळी संगणक नव्हता. होती ती कल्पकता, चिकाटी आणि कॅमेऱ्याची युक्ती.

परदेशांतही असेच घडत होते. १९३३ च्या ‘किंग काँग’ या अमेरिकन चित्रपटातील अजस्र वानर म्हणजे सुमारे दीड फूट उंचीचा पुतळा होता. कारागीर त्याचा हात किंचित हलवीत, एक चित्र घेत, पुन्हा किंचित हलवीत. एका सेकंदाच्या दृश्यासाठी अशी २४ चित्रे लागत. आपल्या ‘झपाटलेला’ या १९९३ च्या मराठी चित्रपटातील तात्या विंचू तर तुम्हांला ठाऊक असेलच. बोलक्या बाहुल्यांचे किमयागार रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्यात प्राण ओतला. ते बाहुले नटांच्या समोर प्रत्यक्ष उभे होते. त्याच्यावर दिव्याचा उजेड पडे, त्याची सावली भिंतीवर पडे. म्हणूनच ते खोटे आहे हे ठाऊक असूनही आपण दचकतो.

आता संगणक आला आहे. पूर, वणवा, राक्षस, उडते डोंगर, जे मनात येईल ते तो पडद्यावर उभे करतो. त्यामुळे नटांचे धोके टळतात आणि मुक्या जनावरांचे हालही टळतात. संगणकावर काम करणारे कलावंतही रात्रीचा दिवस करतात. तेव्हा ‘जुने ते सोने आणि नवे ते कथील’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘झपाटलेला’ ज्या वर्षी आला, त्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’ हा अमेरिकन चित्रपट आला. त्यात डायनोसॉर सुमारे १५ मिनिटेच दिसतात. त्यांतील साधारण ६ मिनिटे संगणकाची, उरलेली हातांनी घडविलेल्या यांत्रिक पुतळ्यांची आहेत. दोन्ही विद्या हातात हात घालून चालल्या, म्हणूनच तो चित्रपट अजूनही जुना वाटत नाही.

तरीही माझे मत असे आहे, की भय निर्माण करण्याच्या कामी जुन्या कारागिरांकडून आपण एक धडा घ्यावा. त्यांचे बाहुले फार वेळ उजेडात ठेवले तर त्याचे दोष उघडे पडत. म्हणून ते त्याला अंधारात ठेवीत आणि उरलेले काम प्रेक्षकांच्या मनावर सोपवीत. १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटात जिन्याच्या भिंतीवरून नुसती एक सावली वर सरकते. पण ती पाहून अंगावर काटा येतो! संगणकाला सर्व काही दाखविता येते, आणि येते म्हणून पुष्कळदा सर्वच दाखविले जाते. मग पाहणाऱ्याच्या मनाला कामच उरत नाही. उजनीच्या जलाशयात बुडालेल्या पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर पाणी ओसरू लागले की वर डोकावते. तिन्हीसांजेला ते पाहताना पाण्याखाली काय काय असेल, या विचाराने मन थरारते. जे अर्धे झाकलेले असते, ते मनात मोठे होते.

कोणी म्हणेल, “युक्ती कळली की मौज संपली!” मला तसे वाटत नाही. चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक चित्रपट खुद्द फाळक्यांनीच १९१७ साली काढला होता. आपली जादू उघड करण्याचे त्यांना भय वाटले नाही. माझाही अनुभव असाच आहे. आक्काने सावलीचे गुपित सांगितल्यावर पुढच्या जत्रेत मी तसाच एक भुताचा खेळ पाहिला. पुन्हा घाबरलो, पण या वेळी घाबरता घाबरता ‘हे यांनी कसे बरे केले असेल?’ असा विचारही करीत होतो. आनंद दुप्पट झाला, आणि परसातला अंधार पुन्हा केवळ अंधारच राहिला.

मुलांनो, हा लाभ लहान नव्हे. भुताखेतांची भीती दाखवून भोळ्या माणसांना लुबाडणारे भोंदू आजही आढळतात. पडद्यावरचे भूत कोणी आणि कसे घडविले हे जो विचारतो, तो अशा भोंदूलाही तोच प्रश्न विचारतो. म्हणून भयपट जरूर पाहा, मनसोक्त घाबरा; परंतु तो संपल्यावर त्यामागचे हात शोधा. ते हात बाहुले नाचविणारे असोत की संगणक चालविणारे, त्यांना मान द्या. भूत खोटे असते. ते घडविणाऱ्याचे कष्ट मात्र खरे असतात.