ऐपत आहे, औचित्य आहे काय?

ताशी तीनशे किलोमीटर धावणारी विदेशी स्पोर्ट्स कार घ्यावी काय, हा प्रश्न भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यातील सुखवस्तू घरातही उद्या विचारला जाईल. ‘पैसा आमचा, मग अडचण कोणाची?’ हा त्यामागील नेहमीचा युक्तिवाद.

अडचण अशी, की पैसा खाजगी असला तरी रस्ता सार्वजनिक आहे. समृद्धी महामार्गावरही मोटारींना ताशी १२० किलोमीटरचीच मुभा आहे. उरलेला वेग वापरणार कोठे? तुमसरच्या बाजाराकडे धान नेणाऱ्या ट्रॅक्टरमागे, की सायकलवरून शाळेत निघालेल्या मुलींशेजारी? १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्याला प्रथम मिळालेल्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता! निबंधाने संस्कार होत नाहीत; ते किल्ली हाती देण्यापूर्वी घरातच व्हावे लागतात.

यंत्राशी वैर कोणाचेच नाही. भंडाऱ्याजवळील गडेगावच्या कारखान्यात अवजड वाहनांचे गिअरबॉक्स घडतात. ती वाहने समाजाचा भार वाहतात. भारतीय चिंतनाने अर्थ आणि काम निषिद्ध मानले नाहीत, त्यांना धर्माची चौकट दिली. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडताना हेच प्रतिपादिले.

म्हणून अशा हट्टाला वडीलधाऱ्यांनी दिलेला नकार हा कंजूषपणा नव्हे, तो कुलधर्म होय. ज्या घराला ‘नाही’ म्हणता येत नाही, ते घर श्रीमंत असेल, समर्थ नाही.