नाव एक, माप एक

मापाचे नाव एक असावे आणि त्या नावाचा अर्थही एकच असावा, ही व्यवहारातील सचोटीची पहिली अट होय. ही अट मोडली म्हणजे कोणी फसवले नसतानाही फसल्याची भावना उत्पन्न होते.

समजा, नाशिकच्या मेन रोडवरील एखाद्या दुकानातून एका विद्यार्थ्याने ६४ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह घेतला. घरच्या संगणकाला जोडताच पडद्यावर आकडा उमटला तो सुमारे ५९.६ गिगाबाइट! दुकानदाराने मापात मारले, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुकानदार निर्दोष आहे. दोष आहे तो शब्दाचा. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो. त्याचे ६४ गिगाबाइट म्हणजे ६४ अब्ज बाइट. संगणकास मात्र शून्य आणि एक या दोनच खुणा ठाऊक. म्हणून त्याची मोजणी दुपटीने चालते. एकाची दहा वेळा दुप्पट केली म्हणजे १०२४ होतात. ही संख्या हजाराच्या जवळची, म्हणून तिलाही 'किलो' म्हणण्याचा प्रघात पडला. ६४ अब्जांस १०२४ ने लागोपाठ तीन वेळा भागले की ५९.६ येतात. एकही बाइट हरवलेला नसतो.

हजारामागे चोवीसांचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. पण हा फरक पायरीपायरीने वाढतो. किलोबाइटला तो शेकडा सुमारे अडीच, मेगाबाइटला जवळजवळ पाच, गिगाबाइटला सातांहून अधिक आणि टेराबाइटला जवळजवळ दहा होतो. दहांत एकाची तूट कोणता गिऱ्हाईक मुकाट्याने सोसेल?

या अडचणीवरचा उपाय आपल्या देशाने पूर्वीच करून दाखवला आहे. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, असे रुपयाचे ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० भाग झाले. जुनी आणि नवी नाणी काही काळ बरोबरच चालणार होती. म्हणून नव्या नाण्यास नुसते 'पैसा' न म्हणता 'नवा पैसा' म्हटले गेले. नव्या पैशांत किंमत दर्शविणारी, नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापलेली पोस्टाची तिकिटे त्याच दिवशी विक्रीस आली. पुढे घोटाळ्याचे कारण उरले नाही, तेव्हा १९६४ साली 'नवा' हा शब्द गळाला.

संगणकाच्या मापांनाही हाच न्याय लावावा. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १०२४ च्या पटीतील मापांना किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी निराळी नावे ठरवून दिली. ती कानांस अनोळखी वाटतात, हे खरे. पण 'नवा पैसा'ही पहिल्या दिवशी अनोळखीच होता. तरीही काही संगणक आजही गिबिबाइट मोजतात आणि गिगाबाइट म्हणतात. ही चाल सुटली पाहिजे.

तोवर विद्यार्थ्याने एवढे पथ्य पाळावे : आकडा वाचताना त्याच्या पुढचे एकक वाचावे, ते एकक किती बाइटांचे हे विचारावे, आणि हिशेब केल्यावाचून कोणाच्याही प्रामाणिकपणाविषयी शंका घेऊ नये.