मालक नसलेली जाळी

मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस,


मच्छीमाराने जाळे टाकून दिले तरी ते मासे धरायचे थांबत नाही. पूर्वीची सुती जाळी पाण्यात कुजून जात. तंगुसाचे, म्हणजे नायलॉनचे, जाळे कुजत नाही, आणि नायलॉन पाण्याहून जड असल्याने ते खाली जाऊन बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत अडकून राहते. त्यात मेलेल्या माशाच्या वासाने खेकडे आणि कासवे येतात, आणि तीही गुंततात. ही मासळी ना संस्थेच्या वहीत चढते, ना कोणाच्या ताटात पडते. आपले खाते जलाशयांत मत्स्यबीज सोडते. ते वाढून ज्या जाळ्यात मरणार, ते जाळे बाहेर काढणे हेही मत्स्यविकासाचेच काम आहे. नदीच्या मूळच्या माशांसाठी तर ते अधिक निकडीचे, कारण मरळ किंवा वाम घटली तर रोहू-कटल्यासारखे त्यांचे बीज क्वचितच कोणी सोडते.

गंगेच्या मुखापासून हिमालयापर्यंत 2019 मध्ये झालेल्या पाहणीत मासेमारीच्या कचऱ्यात प्लास्टिकची जाळीच सर्वाधिक सापडली. त्यांचा धोका असलेल्या प्राण्यांत गंगेतला डॉल्फिनही होता. पण त्या पाहणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मच्छीमारांच्या उत्तरांचा आहे: जाळी लवकर फाटतात आणि फाटलेली द्यायला जागा नसते. म्हणजे दोष बेफिकिरीचा कमी आणि सोय नसण्याचा जास्त. तेव्हा दंडाची भाषा इथे कामाची नाही. मासळी उतरते तिथेच मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत जुने जाळे वजनावर विकत घ्यावे. पाण्यातले जाळे काढायला आपल्याकडे उन्हाळ्यासारखा दुसरा काळ नाही. उजनी धरणाचे पाणी खूप ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिरसुद्धा उघडे पडते. तळाशी अडकलेली जाळी तेव्हा हाताला येऊ शकतात.

कोणी म्हणेल, उजनीचे खरे दुखणे पुण्याहून येणारे सांडपाणी आहे. ते मोठे आहे, यात वाद नाही. पण ते काम वर्षानुवर्षांचे आणि दुसऱ्या यंत्रणांचे आहे. त्याची वाट पाहत जाळी तशीच ठेवण्याचे कारण नाही. याहून वजनदार आक्षेप मच्छीमारांचा असेल: टाकाऊ म्हणून आमची चालू जाळी उचलून नेतील. ही भीती रास्त आहे, जाळे हेच त्यांचे भांडवल. म्हणून कोणते जाळे बेवारस हे त्यांनीच ठरवावे, काढण्याची मजुरीही त्यांनाच मिळावी, आणि नव्या जाळ्यांवर मालकाची खूण असावी. जाळ्यांवर खुणा करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2018 मध्येच मान्य केली आहेत. पैशाचे म्हणाल, तर संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्याला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आपल्याच राज्याने त्याच वर्षी सुरू केली. समुद्रासाठी जे तत्त्व मान्य केले, ते नदीला नाकारू नये.

येत्या एप्रिलमध्ये उजनीच्या जलाशयावरच्या, म्हणजे यशवंतसागरावरच्या, एखाद्या संस्थेपासून सुरुवात करावी, ही विनंती. जूनचा पाऊस लागला की ती जाळी पुन्हा पाण्याखाली जातील.

आपला,
एक नागरिक